बशीतली जेली

माझी लेक काचेच्या बशीत जेली बनवते. खायची नव्हे हो! आपल्या अंगात असतात तसले बारीक धागे ती स्वतः घडवते, त्यांचं जाळं करते आणि धागे ओढायला त्यात काहीतरी थेंबभर सोडते. त्याला ती मोटारी म्हणते. मी जन्मभर ट्रक हाकला, पण असली मोटार कधी बघितली नाही.

त्या दुपारी तिचा शेवटचा प्रयत्न होता. जेली हलली नाही, तर तिचं काम बंद होणार होतं. मी जेवणाचा डबा घेऊन तिच्या प्रयोगशाळेत गेलो, तर ही बया नाचतेय!

"बाबा, ओढतेय! बघा तरी!"

नखाएवढी जेली. आवळायची, सैल व्हायची, झोपलेल्या तान्ह्या पोराच्या पोटासारखी.

मग तिनं बर्फाचा डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. मोटारींची कुपी आतच होती. झाकणही उघडलेलं नव्हतं.

"बाबा, मी घालायलाच विसरले."

"मग ओढतंय कोण?"

"काय माहीत! जंतू शिरले असतील, ही आता कुणाला दाखवता येणार नाही. टाकावी लागेल."

तिनं जंतू मारायच्या औषधाची बाटली बशीवर धरली. जेली गपकन थांबली.

"नको गं," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

तिनं बाटली खाली ठेवली. जेली हळूच पुन्हा हलली.

लेक वाकून पुटपुटली, "घाबरू नकोस, नाही ओतत."

तशी ती काचेची बशी खरखरत टेबलावरून सरकली, तिच्या हाताकडे.