वीणेची पाळी

"त्याच्या गळ्यात वीणा घालू नका," लालासाहेब म्हणाला. "आवं नाथाजीआबा, पाण्याचा तांब्या धरवत न्हाई त्याला."

मारुतीच्या देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस. भर दुपार. आबांची पाळी संपली होती आणि पुढचा विणेकरी तापानं फणफणला होता. वीणा घेतलेल्यानं उभं राहून नाम घ्यायचं. दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय ती उतरवायची नाही. सात दिवस तिनं भुईला टेकायचं नाही. टेकली तर सप्ताह मोडला. मग वर्षभर गावात जे वाईट घडेल, ते मोडणाऱ्याच्या माथी.

आणि आबांनी बोलावलं होतं लालासाहेबाच्या धाकट्या भावाला, ज्ञानूला.

ज्ञानू ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतला, त्याला सात महिने झाले होते. अंगावर ओरखडा नव्हता. पण घरात भांडं पडलं तरी तो डोकं धरून भुईवर पालथा व्हायचा. बाया त्याला बघून वाट बदलायच्या. पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. लालासाहेबानं अंगारे केले, दोरे बांधले, औंधच्या यमाईला नवस बोलला. आता उद्या सकाळी रहिमतपूरहून गाडी धरून तो त्याला वेड्यांच्या इस्पितळात सोडणार होता. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. ज्ञानूलाही.

"उद्या जायाचाय त्यो," लालासाहेब हळू आवाजात म्हणाला.

"उद्याचं उद्या. आज गावात हाय न्हवं?" आबांनी सगळ्यांकडं नजर फिरवली. "पाच दिस खांबाआड उभा हाय पोरगा. बसला न्हाई. तुमी तर पहिल्याच अभंगाला पेंगताय."

आबांनी वीणा ज्ञानूच्या गळ्यात घातली. मग रीतीप्रमाणं सत्तरीचे आबा वाकले आणि त्याच्या पायांना हात लावला. ज्ञानू दचकून मागं सरला. सात महिन्यांत घरच्यांखेरीज त्याला कुणी शिवलं नव्हतं. मग तोही वाकला. त्याची बोटं तारेवर आली. थरथरत होती, पण नाद निघाला. टाळकऱ्यांनी नाम उचललं. लालासाहेब हातभर अंतरावर उभा राहिला, कपाळाला घाम.

दहा मिनिटं गेली असतील. ओढ्यापलीकडं ज्योतिबाच्या रानात नवी विहीर खणत होते, तिथं सुरुंग उडाला.

ज्ञानू धाडकन खाली गेला. पट्टा मानेवरून निसटला. लालासाहेबानं अंग झोकून दिलं. फरशीवर कोपर आपटलं, तो उताणा पडला.

टाळ थांबले.

वीणा लालासाहेबाच्या छातीवर होती. दोन्ही हातांनी त्यानं ती कवटाळली होती. शेजारी ज्ञानू पालथा, कानांवर हात. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सांगितलं हुतं."

बायकांतून एक चिरका आवाज आला. म्हातारी चंद्राबाई एकटीच नाम म्हणत होती. ते खंडू द्यायचं नव्हतं. तिच्यामागं दुसरी लागली, मग तिसरी. एकेक टाळ वाजू लागला.

आबा गुडघ्यांवर बसले. ज्ञानूच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "विहिरीचा सुरुंग हाय रं. आपल्या गावातला. ऊठ. तुजी पाळी सरली न्हाई अजून."

बराच वेळ ती पाठ नुसती वरखाली होत राहिली. मग ज्ञानू उठला. भावाच्या छातीवरची वीणा त्यानं गळ्यात घेतली. लालासाहेब कसाबसा उठला आणि धाकट्याच्या पायांपाशी वाकला. देणाऱ्यानं वाकायचंच असतं. पण तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

दोन वाजता पाळी उतरली. वीणा एकदाही भुईला टेकली नव्हती. पाळ्या लावणारा बाळासो भिंतीवर खडूनं उद्याची नावं लिहीत होता. दुपारच्या ओळीपाशी तो थांबला. "हितं कुणाला लावू?"

लालासाहेब कोपरावरचं रक्त पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"ज्ञानूला लाव," तो म्हणाला. "मी हाय त्याच्याजवळ."