बारदान

हळदीच्या काट्यावर ठकी मांजर एकटी थांबेचना, म्हणून धुरपताबाई तिला कडेवर घेऊनच चढल्या.

“हलू नका, आत्याबाई,” सून सीमा म्हणाली. “अठ्ठेचाळीस.”

“बारदानाचे शेहेचाळीस वजा कर.”

बारदान म्हणजे रिकामं पोतं. कुरुंद्यात हळद मोजताना त्याचं वजन एकदाच करायचं, मग दर पोत्यामागं तेवढंच वजा धरायचं. पहिल्या दिवशी धुरपताबाई एकट्या काट्यावर चढल्या होत्या. “मी बारदान, ठकी माल,” म्हणत त्यांनी तो आकडा सीमाकडून खडूनं भिंतीवर लिहून घेतला होता.

“दोनच किलो भरली,” सीमा म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी ठकी तीन किलो होती. ढीगभर खायची अन् वाळत चालली होती. वसमतच्या जनावरांच्या डॉक्टर मोहिनीताईंनी तिच्या गळ्यावरून बोटं फिरवली, रक्त तपासलं. थायरॉईड निघालं. रोज गोळी द्यायची, दर आठवड्याला वजन बघायचं.

धुरपताबाईंनी एक गोळी चुकवली नाही. हात थरथरायचे, तरी सायीत गुंडाळून भरवायच्या. ठकी पायाशी असल्याशिवाय सीमाचं लेकरू झोपत नव्हतं.

“दिसायला तर भरल्यावाणी वाटून राहिली,” सीमा म्हणाली.

“केस फुगलेत मेलीचे. काटा खोटं बोलत न्हाई.” धुरपताबाईंनी चौथी भाकरी मोडली.

“काळजीनं तुमची भूक वाढली, आत्याबाई.”

“माझी भाकर काहून मोजून राहिली गं?”

दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी ठकीला टोपलीत घालून वसमतला गेल्या. धुरपताबाईंनी घरच्या हळदीची पिशवी डॉक्टरांपुढं ठेवली.

“वाचो न वाचो, बाई. मुक्या जिवासाठी लई केलं तुमी.”

मोहिनीताईंनी ठकीला टेबलावरच्या छोट्या काट्यावर ठेवलं.

“साडेचार किलो! ठणठणीत आहे की.”

धुरपताबाईंनी हात जोडले. बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“पण घरी तर दोनच भरली,” सीमा म्हणाली, आणि तिनं वजनाची रीत सांगितली.

ऐकता ऐकता मोहिनीताईंची नजर धुरपताबाईंच्या बांगड्यांवर गेली. कोपऱ्यात मोठ्या कुत्र्यांचा काटा होता.

“आता बारदान एकटं चढवा.”

धुरपताबाई डोळे पुसत, हसत चढल्या. काटा साडेत्रेचाळीसवर थांबला.

मोहिनीताईंनी ठकीला सीमाच्या हाती दिलं, आणि आपली बोटं हळूच धुरपताबाईंच्या गळ्यावर टेकवली.