उसनी आठवण

पाच बायकांचे खून झाले, तरी खुनी सापडेना. शेवटी पाचवीच्या मेंदूतली अखेरची आठवण हवालदार शर्वाणीच्या डोक्यात उतरवली आणि संशयितांची ओळखपरेड ठेवली. काचेआडून तिचा नवरा, इन्स्पेक्टर ठोसर, बघत होता.

तिसऱ्या माणसापुढे शर्वाणी थबकली. त्याला डोळे भरून पाहिलं, बट कानामागे सारली आणि पुढे गेली.

"यातला कुणीच नाही," बाहेर येऊन ती म्हणाली.

ठोसरच्या अंगाची लाही लाही झाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"तिसऱ्याला बेड्या घाला!" तो ओरडला.

शर्वाणीने त्याचा हात धरला. "नका हो! त्याने गळा दाबला, तरी तिचा जीव होता त्याच्यावर."

"तिचाच ना?"

शर्वाणी काचेपलीकडेच बघत राहिली.