उभ्या भिंतीवर

"आपली बकुळा अजून नववीत आहे! तिचं नाव भोंग्यावर पुकारायला तुमची जीभ कशी धजली हो?" हौसा कडाडली.

"उद्या पोरगी मौतच्या कुव्यात गाडी फिरवेल, तेव्हा जत्रा लोटेल बघ," नवरा दगडू हसला आणि मोटारीत बसला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण खेळाची वेळ झाली होती.

कुव्यात, म्हणजे त्या लाकडी विहिरीत, उभ्या फळ्यांवर दोघं गरगरू लागली, तो मोटारीत, ती मोटारसायकलवर. नेहमीप्रमाणे हातात हात धरायला त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. तिने त्याचं मनगटच आवळलं आणि वेग कमी केला; हात सुटेना म्हणून त्यालाही करावा लागला.

वेग होता तोवर भिंत दोघांना धरून होती. आता चाकं घसरू लागली, अंगाचं ओझं जमिनीकडे ओढू लागलं.

"सोड गं, मरशील!"

"मरेन, पण एकटी नाही! पोरीला चढवणार नाही म्हणा!"

"नाही चढवत! तिचीच शपथ!"

तिने त्याचा हात झटकला, मोटारसायकलची मूठ पिळून वेग वाढवला. गाड्या पुन्हा भिंतीला चिकटल्या.

खाली उतरताच तिने आपल्या मोटारसायकलची चावी काढून कनवटीला खोचली.

"शपथ तुमच्यापाशी राहू द्या," ती म्हणाली. "चावी माझ्यापाशी."