छान म्हणायच्या आत

तेमालेती लेकीच्या, लुपेच्या कापडाकडे पाठ करून उभी राहिली. वर्गाच्या त्या टोकाकडून लोसालिने वन्सं मुलांच्या कामाचं एकेक टेबल बघत येत होत्या. कमरेला नेसलेली मानाची चटई सावरत, सावकाश.

सोमवारच्या विमानानं त्या ऑकलंडला परत जाणार होत्या, आणि जाताना भावंडांपैकी कुणाचं तरी एक मूल सोबत नेणार होत्या. कुणाचं, ते अजून त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. निघालं की संपलं. नवऱ्याची थोरली बहीण, तिला नाही कोण म्हणणार? मागच्या आठवड्यात त्या तेमालेतीच्या नव्या चटईवरून हात फिरवून "छान आहे गं" म्हणाल्या होत्या. संध्याकाळी चटई गुंडाळून त्यांच्या खोलीत ठेवावी लागली. चटईचं काही नाही.

नवरा बाहेर नीरफणसाखाली उभा होता. बहीण आत, म्हणून रीतीप्रमाणे भाऊ बाहेर. त्याला खूण करूनही उपयोग नव्हता.

"सरक की गं," शेजारची व्हिका म्हणाली. "लेकीचं कापड बघायला आलीस की झाकायला? आमच्याकडे बघ. हे डुक्कर आहे म्हणे. मला तर होडी वाटली."

"डुक्कर होडीत बसलंय," व्हिकाचा मुलगा म्हणाला. बायका हसल्या.

वन्सं आल्या. तेमालेतीला बाजूला व्हावंच लागलं.

पाटीएवढं, झाडाची साल कुटून केलेलं कापड. केवड्याच्या वाळक्या फळाचा कुंचला करून मुलांनी त्यावर तपकिरी नक्षी काढली होती. बाकीच्यांचा रंग पसरला होता, रेघा एकमेकींत शिरल्या होत्या. लुपेच्या रेघा सरळ होत्या. चौकटीत चौकट, आणि कोपऱ्यात कुठेही ओघळ नाही. सहा वर्षांची पोर. दुपारभर जीभ बाहेर काढून, कुणाशी न बोलता बसली असणार.

वन्संनी चष्मा लावला. "ह्या हिनं ओढल्या?"

"बाईंनी हात धरला असेल."

"नाही," लुपे म्हणाली. ती केव्हा येऊन आईच्या शेजारी उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिच्या बोटांना रंग होता. "मी एकटीनं."

"गप गं."

वन्सं वाकल्या. एका रेघेवरून त्यांनी बोट नेलं, शेवटपर्यंत. "अगं, किती..."

"ह्यातच असते दिवसभर," तेमालेती घाईनं म्हणाली. "अक्षरं अजून उलटी काढते. आकडे दहाच्या पुढे येत नाहीत. सांगितलेलं एक काम धड करत नाही, वन्सं, नुसती बघत बसते. आणि रात्री अजून..." तिनं आवाज उतरवला, पण पुरेसा नाही. "अंथरूण ओलं करते. रोज."

लुपेनं अंथरूण ओलं केल्याला तीन वर्षं झाली होती.

"अरे देवा," व्हिका म्हणाली. "ऑकलंडला गादी वाळायला ऊन तरी असतं का हो?"

बायका पुन्हा हसल्या. व्हिकाचा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं हसला. लुपे हसली नाही, रडलीही नाही. तिनं आईकडे असं बघितलं, जसं फळ्यावरचं न कळलेलं काहीतरी बघावं.

वन्संनी चष्मा काढला. "लहान आहे अजून," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडेच वाढू दे थोडी."

"हो, वन्सं."

तेमालेतीनं टेबलाची कड धरली. तोवर वन्सं पुढच्या टेबलाशी पोचल्या होत्या. तिथे धाकटी जाऊ आलिसी आपल्या मुलीजवळ उभी होती, सेलाजवळ. सेलाच्या कापडावर रंगाचे डाग पडले होते, एक कोपरा फाटला होता. वन्संनी ते हातात घेतलं, मग सेलाची हनुवटी वर उचलली.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या.

आलिसीनं वन्संकडे बघितलं नाही. तिनं तेमालेतीकडे बघितलं.

कार्यक्रम उरकल्यावर सगळी पांढऱ्या मातीच्या वाटेनं घराकडे निघाली. पुढे वन्सं आणि सेला, त्यांच्यामागे आलिसी, आणि बरंच अंतर ठेवून तेमालेती. लुपे तिच्या बरोबरीनं चालत होती, पण हात देत नव्हती. तेमालेतीनं दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा लुपे शाळेत मिळालेलं भाजलेलं रताळं खाण्यात गुंतलेली होती.

चर्चच्या वळणावर तेमालेती खाली बसली, लुपेच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणला.

"लुपे. तुझ्या रेघा सगळ्यांत सुंदर होत्या. मी मघाशी बोलले ते खरं नव्हतं."

लुपे खायची थांबली. "मग आत्याला सांग."

तेमालेतीनं पुढे चाललेल्या वन्संकडे बघितलं.

"आत्याला सांग ना. सगळ्यांसमोर."

पुढे वन्सं थांबल्या, वळल्या. सेलाचा हात त्यांच्या हातात होता. "काय म्हणतेय गं ती?"

"काही नाही, वन्सं," तेमालेती उठली. "भूक लागलीय तिला."

लुपेनं आईकडे बघितलं. हातातलं अर्धं रताळं तिनं हळूच पाठीमागे नेलं.

"हो, आत्या," ती म्हणाली. "खूप भूक लागलीय."