जुईची निवड

उष्टावण झाल्यावर आसावरीच्या सासूबाईंनी जुईपुढे पेन, बांगडी, पुस्तक आणि मातीचा गोळा मांडला. पोर ज्याला हात लावेल, तीच तिची पुढची वाट, असं मानायची घरात रीत होती.

आसावरीने त्या दिवसापुरता कानामागचा मणी काढून ठेवला होता. मणी लावला की समोर असेल ते पुरेसं वाटायचं. हे की ते, अशी घालमेलच उरायची नाही. घरात सगळ्यांनाच तो होता, आता बाळांनाही लावत. पण लेकीचा हा क्षण तिला नुसत्या स्वतःच्या मनाने बघायचा होता.

जुई पेनाकडे बघून हसली. बांगडीकडे बघून तेवढीच हसली. मातीकडेही. हात मात्र मांडीवरून हलला नाही.

"कित्ती समाधानी गं बाई माझी छकुली!" सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली.

आसावरीने दुधाची वाटी दाखवून मागे घेतली. वाटी होती त्या रिकाम्या जागेकडे बघूनही जुई हसली. आसावरी नवऱ्याकडे वळली.

"निनाद, हिला काहीच नको आहे रे! मी हिचा मणी काढते."

"आणि मग जन्मभर रडेल, ते चालेल तुला?"

तिचा हात जुईच्या कानापाशी थांबला. काढावा की राहू द्यावा, तिला ठरवता येईना. ठरवायची सवयच कुठे राहिली होती!

"कशाला त्रास करून घेतेस, वेडाबाई?" म्हणत निनादने तिचा काढून ठेवलेला मणी हलकेच तिच्या कानामागे लावला.

आसावरीने पुन्हा पाहिलं. जुई तशीच हसत होती, आणि किती गोड दिसत होती.