डावीकडची काच

मावशीने पुन्हा रक्त द्यायला साफ नकार दिला. एकदा दिलं, तेवढं पुरे. ज्या रक्ताने स्वतःचं पोर वाचवलं नाही, त्याचे ही भाची काय दिवे लावणार होती?

भाची प्रयोगशाळेत मलेरियावर काम करायची आणि हट्टाच्या बाबतीत थेट मावशीवर गेली होती. तिने वाद घातलाच नाही. मावशीला पडद्यासमोर बसवलं. सूक्ष्मदर्शकाखालच्या दोन काचा तिथे शेजारी शेजारी मोठ्या होऊन दिसत होत्या. दोन्हींवर मलेरियाचे जंतू शिरलेल्या लाल पेशी, आणि अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी.

यातली बरी कुठली, असं तिने विचारलं.

मावशीने चष्मा पुसून नीट पाहिलं. उजवीकडे नुसती झोंबाझोंबी चालली होती.

"डावीकडची. सगळं कसं शांत आहे."

"तीच वाईट, मावशी. जंतू लाल पेशीवर एक प्रथिन चढवतो. राखणदाराला वाटतं, हे तर आपलंच माणूस. तो स्वस्थ बसतो आणि जंतू वाढत जातो."

मावशीला मलेरियाने पोर गेलं तो दिवस आठवला. त्या दिवशी पोराचा ताप उतरला होता. शांत झोपलाय म्हणून तिने पांघरूण सारखं केलं आणि कामावर गेली. परत येऊन हाक मारली, तर तो उठला नाही. आई असून आपल्याला कळलं कसं नाही, हे तिच्या मनातून कधी गेलंच नव्हतं.

"म्हणजे अंगातले राखणदारसुद्धा फसतात?"

"भले भले फसतात."

"आणि उजवीकडे?"

"तिथे तुझ्या रक्तातला एक थेंब घातलाय. तो ताप तुला इतक्यांदा येऊन गेलाय, की तुझं रक्त त्याचं सोंग ओळखतं. बाकी कुणाच्या रक्ताला हे जमलं नाही. यातूनच औषध काढायचंय."

मावशीने डोळे टिपले. मग उलट भाचीवरच डाफरली, की मघापासून नुसती बडबड चाललीये, सुई कुठाय? बाही वर सारून तिने हात टेबलावर ठेवला.

सुई टोचली तरी तिने मान वळवली नाही. ती उजवीकडची झोंबाझोंबी बघत होती.

"सोडू नकोस त्याला," ती हळूच म्हणाली.